डागाचं नाव शेवटी विचारा

१९५०च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात एक परकं तण नोंदलं गेलं. पुढे गाजरगवत, काँग्रेस गवत अशा नावांनी ते राज्यभर पसरलं आणि आज प्रवरेकाठच्या कोल्हारसारख्या गावात महामार्गाच्या कडेला, चारीच्या भरावावर, पडीक रानात सगळीकडे वाढतं. तणापाठोपाठ पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे एका ठरावीक तक्रारीचे रुग्ण येऊ लागले. चेहरा, पापण्या, मान आणि कोपराची लवण यांवर भयंकर खाज, कातडी जाड, भेगाळलेली, मधूनच पाझरणारी. कुणीही त्याला इसब म्हटलं असतं आणि ते खोटंही नव्हतं. पण इसब म्हटल्याने काहीच उलगडत नव्हतं. उलगडलं ते डाग कुठे आहे हे पाहिल्यावर. उघडी त्वचा पेटलेली आणि कपड्याखालची बहुतेक वाचलेली, म्हणजे त्रास देणारी वस्तू हवेतून येत होती. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. गाजरगवतातलं पार्थेनिन हे रसायन आणि त्याने होणारी ॲलर्जी यांचा संबंध पुढे त्वचेवरच्या पट्टी-चाचण्यांनी पक्का झाला. महाराष्ट्रातल्या त्वचारोगांच्या इतिहासातलं हे प्रकरण आजही उपयोगाचं आहे, कारण त्वचेवरचं दुखणं ओळखायची खरी रीत त्यात दिसते.

ही रीत आपण रोज उलटी वापरतो. अंगावर काही उठलं की आधी त्याला नाव मिळतं, मग नावावरून मलम मिळतं आणि डाग नीट पाहायचा राहूनच जातो. माझं म्हणणं असं की सर्वसामान्य माणसाने त्वचेचे आजार ओळखायला जरूर शिकावं, पण नावाने नव्हे, लक्षणांनी. डाग नेमका कुठे आहे? खाजतो का, आणि केव्हा जास्त? तिथे स्पर्श कळतो का? घरात आणखी कुणाला आहे का? कधीपासून आहे आणि आधी त्यावर काय लावलं? ही पाच उत्तरं हाताशी असली तर नेहमीच्या आजारांची पुष्कळशी वर्गवारी घरच्या घरी होते. शेतकऱ्याला ही पद्धत नवी नाही. उसाचं पान पिवळं पडलं म्हणून कुणी डोळे मिटून युरिया टाकत नाही. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी आहे, कोवळी पानं पिवळी-पांढरी पडली तर लोहाच्या कमतरतेने केवडा पडला आहे, हे तो पानाची जागा पाहूनच ठरवतो. पिकाच्या बाबतीत दाखवलेला हा साक्षेप स्वतःच्या कातडीच्या बाबतीत मात्र आपण सोडून देतो.

त्याची सर्वांत मोठी किंमत आज गजकर्णात मोजावी लागते आहे. गजकर्ण ही बुरशी आहे. कंबरेला, जांघेत, काखेत, मांडीवर गोल चट्टा उठतो, त्याची कड उठावदार, खवलेदार आणि खाजरी असते आणि मधला भाग निवळत जातो. कड जिवंत, मध्य शांत, ही त्याची मुख्य खूण. इसबात सहसा अशी स्पष्ट कड नसते. चट्टा मध्यभागीही तितकाच जाड आणि खरखरीत असतो आणि पुष्कळदा शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखा दिसतो. गावोगावी नायटा हा शब्द कधी या बुरशीला, तर कधी पाझरणाऱ्या इसबाला वापरतात. औषधांच्या दुकानात फक्त ‘नायट्याचं मलम द्या’ एवढंच सांगितलं की हातात बहुतेकदा मिश्र मलम पडतं. त्यात बुरशीविरोधी औषध, जंतुनाशक आणि क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखं तेज स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइड त्वचेतला दाह दाबतं, त्यामुळे दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि मलम लागू पडलं अशी खात्री पटते. बुरशी मात्र मेलेली नसते. तिच्याशी लढणारी त्वचेची प्रतिक्रियाच दबलेली असते. मलम थांबवताच चट्टा दुपटीने पसरतो, त्याची कड पुसट होते, आणि मग अनुभवी डॉक्टरांनाही ते गजकर्ण आहे हे पटकन कळत नाही. जांघेत, काखेत कायमचे पांढरट वळ पडतात, कातडी पातळ होते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतभरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी हट्टी, पुन्हा पुन्हा उठणाऱ्या गजकर्णाबद्दल सातत्याने इशारा दिला आहे. या साथीमागच्या बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटन इंडोटिनी असं स्वतंत्र नाव दिलं. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे एकेकाळचं खात्रीचं औषध नीट चालत नाही. या परिस्थितीला स्टेरॉइड मलमांचा बेसुमार वापर हातभार लावतो, असं तज्ज्ञ मानतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून शेड्यूल एचच्या कक्षेत आणली. कायदा आवश्यकच आहे, पण मागणाराच नाव घेऊन मलम मागत असेल तर कायदा अपुरा पडतो. गजकर्णाची खात्री करायची चाचणी फार साधी आहे. कडेचे खवले खरवडून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे पाहायचे. उपचार मात्र आठवड्यांचा आहे, दिवसांचा नाही, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही तो डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावा लागतो.

खाजेच्या बाबतीत दुसरा निर्णायक प्रश्न घरातल्या माणसांचा. रात्री अंथरुणात खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, कंबरेला बारीक पुरळ असतं आणि घरातली आणखी दोन माणसं खाजवत असतात, तेव्हा ती बहुधा खरूज असते. कारण असतो डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा किडा. तो वरच्या त्वचेत बीळ करून अंडी घालतो. सहकारी साखर कारखानदारीचा पाया घालणाऱ्या या प्रवरा परिसरात दर गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. एका कोपीत सगळं कुटुंब दाटीवाटीने झोपतं, आणि खरजेला पसरायला निकट, दीर्घ स्पर्शच लागतो. अस्वच्छतेचा ठपका ठेवल्याने ती जात नाही. ती जाते सगळ्या घराने एकाच रात्री, खाज असो वा नसो, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत परमेथ्रिनचं मलम लावून, आठवड्याने ते पुन्हा लावून आणि कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुऊन. लहान बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर डॉक्टरांना विचारून. एकट्या मुलाला मलम लावणं म्हणजे घरातल्याच दुसऱ्याकडून खरूज परत घेणं. शिवाय किडा मेल्यानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते. हे ठाऊक नसलं की लोक औषध निकामी समजून स्टेरॉइडकडे वळतात.

फिकट डागांच्या बाबतीत चुकीचं नाव तर आयुष्यावर परिणाम करतं. लहान मुलांच्या गालावर फिकट, किंचित खवलेदार डाग दिसले की जंत झाले किंवा कॅल्शियम कमी झालं असं सहज म्हटलं जातं. बहुतेकदा तो कोरड्या त्वचेचा सौम्य इसब असतो आणि मऊ ठेवणाऱ्या साध्या मलमाने हळूहळू बरा होतो. छाती, पाठ, खांदे यांवर उन्हाळ्यात, घामात उठणारे, नख फिरवल्यावर बारीक कोंडा निघणारे ठिपके म्हणजे शिबं, तीही एक बुरशीच. कोडाचा डाग याहून निराळा, दुधासारखा पांढराशुभ्र, खवले नसलेला. कधी त्यावरचे केसही पांढरे होतात, पण स्पर्श पूर्ण कळतो. शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट करते म्हणून तो होतो. तो हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने, लग्न केल्याने कुणाला लागत नाही. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी उभ्या केलेल्या श्वेता असोसिएशनसारख्या संस्थेला कोड असलेल्यांच्या उपचारांइतकंच त्यांच्या लग्नांवर आणि आत्मविश्वासावर काम करावं लागलं, ते समाजाने डाग पाहण्याआधी त्याचं नाव ऐकून घेतल्यामुळे.

कुष्ठरोगाचा डाग मात्र सहसा खाजत नाही, दुखत नाही, दुधासारखा पांढराही नसतो. तो फिकट किंवा तांबूस असतो आणि तिथे बधिरपणा असतो. घाम येत नाही, केस विरळ होतात. तपासायचं तर माणसाला डोळे मिटायला सांगावं, कापसाच्या वातीने कधी चांगल्या कातडीला, कधी डागाला हलकेच स्पर्श करावा आणि जिथे कळेल तिथे त्याने बोट ठेवावं. काही रुग्णांत सुरुवातीला बधिरपणा नसतो, फक्त कातडी तेलकट, चकचकीत होते, कानाच्या पाळ्या जाड होतात. म्हणून स्पर्श कळला एवढ्यावर निश्चिंत राहू नये. पण स्पर्श कळला नाही तर एक दिवसही थांबू नये, कारण जंतू मज्जातंतूंवर बसलेला असतो आणि उशीर झाला तर बोटं वाकडी होतात, पायाला न दुखणाऱ्या जखमा होतात.

इथे एक आक्षेप येईल की बधिर डागाची अशी चर्चा केल्याने घराघरांत भीती पसरेल. भीती आधीपासून आहेच आणि ती अज्ञानावर पोसली आहे. हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये शोधला, जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस १९८१ मध्ये केली, आणि तरीही कुष्ठरुग्णांना समाजापासून तोडणारा १८९८चा कायदा आपण २०१६ मध्ये रद्द केला. कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद २०१९ मध्ये गेली. भारताने डिसेंबर २००५ मध्ये दर १०,००० लोकांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठलं, पण त्याचा अर्थ रोग संपला असा नव्हता. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, सहा किंवा बारा महिन्यांच्या उपचाराने रोग बरा होतो आणि उपचार सुरू होताच रुग्णापासून इतरांना असलेला धोका झपाट्याने ओसरतो. ही माहिती नसली की लोक तपासणीला दारात आलेल्या आशाताईंपासून डाग लपवतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ओळखणं हे डॉक्टरांचं काम, लोकांना अर्धवट ज्ञान दिलं तर ते स्वतःच औषधं घेतील. पण स्वतः औषध घेणं आजच सुरू आहे आणि तेही कसलंच ज्ञान नसताना. लक्षणांची ओळख औषध निवडण्यासाठी नकोच आहे. ती हवी आहे घाई कुठे करायची आणि थांबलं तरी कुठे चालेल हे ठरवण्यासाठी. नागिणीचं उदाहरण घ्या. छातीच्या किंवा कंबरेच्या एकाच बाजूला आधी आग, मग पट्ट्यात पाण्याचे फोड. लोक गेरू लावतात, मंतरून घेतात आणि दोन टोकं जुळली की माणूस दगावतो या समजुतीने घाबरतात. लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत दडून राहतो आणि पुढे त्याच मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो, म्हणून फोड एका बाजूलाच थांबतात. पण पहिल्या ७२ तासांत औषध सुरू झालं तर ते सर्वांत गुणकारी ठरतं. डोळ्याजवळ फोड आले तर दृष्टीला धोका असतो. तेव्हा भीती चुकीच्या जागी आणि दिरंगाईही चुकीच्या जागी, असं होतं.

खर्चाचा आणि वेळेचा प्रश्नही खराच आहे. मजुरी बुडवून दवाखाना गाठणं सोपं नसतं. पण वर्षभर बदलून बदलून घेतलेल्या मलमांच्या नळ्यांचा हिशेब मांडला तर एकदा नीट तपासून घेणं महाग पडत नाही. कोल्हारपासून काही किलोमीटरवरच्या लोणीत वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे आणि मोबाइलवरून फोटो पाठवून सल्ला घेण्याची सोयही वाढते आहे. मात्र फोटोत स्पर्श कळत नाही आणि घरातले कोण खाजवतात हेही दिसत नाही. त्यातही आंतरजालावरची बरीच चित्रं गोऱ्या कातडीची असतात. सावळ्या त्वचेवर दाह लालभडक दिसत नाही, तो जांभळट किंवा तपकिरी दिसतो, हे लक्षात ठेवूनच तुलना करावी.

या सगळ्यातून जुनी नावं टाकून द्यावीत असं सुचवायचं नाही. सतत ओल्यात उभं राहणाऱ्यांच्या बोटांतल्या चिखल्या, उन्हाळ्यातलं घामोळं, अचानक उठून काही तासांत विरणाऱ्या गांधी, या नावांत पिढ्यांचं निरीक्षण साठलेलं आहे आणि डॉक्टरांनी ते ऐकून घ्यायला हवं. रुग्णाने नाव सांगितलं की त्यावर हसण्याऐवजी ‘तुमच्याकडे याला असं का म्हणतात’ एवढं विचारलं तरी निम्मं निदान हाती लागतं. मात्र नाव मदतीला असावं, निर्णयाला नव्हे. शाळेत आठवी-नववीच्या मुलांना पाच प्रश्न आणि कापसाच्या वातीची चाचणी एका तासात शिकवता येते. औषध दुकानदारांनी मलमाआधी तेच प्रश्न विचारायचे ठरवले तर स्टेरॉइडची कितीतरी अनावश्यक विक्री थांबेल. आणि प्रत्येक घराने एक नियम पाळावा. न खाजणारा बधिर डाग, डोळ्याजवळचे फोड, तापासह पसरणारं पुरळ आणि दोन आठवड्यांत न हटणारा चट्टा, यांवर दुकानातून स्वतः आणलेलं मलम लावायचं नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘मला नायटा झालाय’ म्हणण्याऐवजी ‘दोन महिन्यांपासून जांघेत आहे, कडेला खाजतो, घरात दोघांना आहे, अमुक मलम लावलं होतं’ असं सांगणारा रुग्ण आपल्या उपचाराचा मोठा भाग स्वतःच पार पाडत असतो.