मुक्तस्रोत सर्व्हर : परवाना मोफत, परिश्रम नव्हेत

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात मोठ्या वाहन कारखान्यांभोवती सुटे भाग पुरविणारे असंख्य लघुउद्योग उभे आहेत. त्यांच्या मागण्या, पुरवठा व बीजके आता संगणकावरून चालतात. वार्षिक पाच कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या उद्योगांना १ ऑगस्ट २०२३ पासून आपसांतील व्यापारासाठी ई-बीजक सक्तीचे झाले. त्यामुळे संगणकयंत्रणा अडली की भरलेली मालमोटार फाटकातच उभी राहते आणि पुढच्या कारखान्यातील जुळणी खोळंबते.

या यंत्रणेच्या मध्यभागी वेब अॅप्लिकेशन सर्व्हर असतो. ब्राउझरकडून आलेली मागणी स्वीकारणे, डेटाबेसमधील माहिती आणणे आणि उत्तर परत धाडणे हे त्याचे कार्य होय. व्यापारी सर्व्हरचे शुल्क बहुधा प्रोसेसरच्या प्रमाणात आकारले जाते. साहजिकच अनेकांचे लक्ष टॉमकॅट, वाइल्डफ्लाय यांसारख्या मुक्तस्रोत पर्यायांकडे वळते. केंद्र शासनानेही २०१५ च्या धोरणात आपल्या कार्यालयांसाठी मुक्तस्रोत प्रणालींना अग्रक्रम दिला आहे.

अडचणी कोठे येतात?

नवे मिलिंग मशीन आणले म्हणून जुनी फिक्स्चर त्यावर तशीच बसत नाहीत. येथेही तसेच घडते. व्यापारी सर्व्हरमध्ये संदेशांची रांग, दोन ठिकाणच्या नोंदी एकतर दोन्ही व्हाव्यात नाहीतर एकही होऊ नये अशी व्यवस्था इत्यादी सोयी अंगभूत असतात. टॉमकॅट हलका असल्याने त्यात त्या नाहीत. त्या वेगळ्या जोडाव्या लागतात, अथवा वाइल्डफ्लायसारखा परिपूर्ण सर्व्हर निवडावा लागतो. शिवाय डेटाबेसची जोडणी सांगणाऱ्या फायली प्रत्येक सर्व्हरच्या निराळ्या असतात.

दुसरी अडचण नामबदलाची. ओरॅकल कंपनीने जावाचे उद्योगोपयोगी मानक २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपविण्याचे जाहीर केले. पुढे व्यापारचिन्हाच्या प्रश्नामुळे ‘जावाएक्स’ने आरंभ होणारी नावे ‘जकार्ता’ अशी झाली. म्हणून टॉमकॅट ९ वर सुरळीत चालणारा जुना प्रोग्राम टॉमकॅट १० वर फेरबदलाशिवाय चालत नाही.

मराठी अक्षरांची कसोटी

तिसरी अडचण आपल्या लिपीची आहे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. ‘पाटील’ हे पाच चिन्हांचे नाव पंधरा बाइटांत मावते. सर्व्हरने ते लॅटिन लिपी समजून वाचले, तर पंधरा निरर्थक खुणा नोंदल्या जातात. टॉमकॅट ७ पर्यंत पत्त्यातील मजकूर मुळात असाच वाचला जाई. आठव्या आवृत्तीपासून ते बदलले. तथापि फॉर्ममधील मजकुरासाठी टॉमकॅट ९ मध्येही स्पष्ट सूचना द्यावी लागते. चाचणी केवळ इंग्रजी नावांवर घेतली, तर हा दोष नजरेआड राहतो आणि नोंदी बिघडल्यावरच उघडकीस येतो.

पूर्वतयारी हवी

स्थलांतरापूर्वी प्रोग्राम कोणकोणत्या सोयी वापरतो याची यादी करावी. जुना व नवा सर्व्हर काही काळ समांतर चालवावेत, महिनाअखेरच्या कामाच्या भारात नव्याची परीक्षा घ्यावी आणि परत फिरण्याची वाट मोकळी ठेवावी. वाचलेल्या शुल्काचा काही भाग कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवणे अगत्याचे आहे.

नगरपालिका, शाळा व पंचायती यांनाही हेच लागू पडते. करदात्याचे किंवा विद्यार्थ्याचे नाव नव्या यंत्रणेत जसेच्या तसे उमटले, तरच बचत खरी म्हणता येईल.