कबुतरं कुणाचीच नाहीत, मग भरपाई कुणी द्यायची?

माझ्या घरमालकीण काकू रोज सकाळी गॅलरीच्या कठड्यावर दोन मुठी ज्वारी टाकतात. मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरचे काका एसीच्या मेकॅनिकचं बिल घेऊन वर आले. बाहेरच्या युनिटवर विष्ठेचा जाड थर बसलेला, पत्रा गंजलेला. काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, पण कबुतरं काय माझी आहेत?"

काका निरुत्तर झाले. मी दगडी वास्तूंवर वाढणाऱ्या बुरशीवर पीएच.डी. करतेय, म्हणजे कबुतरांच्या विष्ठेशी माझा रोजचाच संबंध. तरी मलाही उत्तर सुचलं नाही. म्हणून शोधलं.

काकूंचं म्हणणं वाटतं तितकं पोकळ नाही. आपली न्यायालयं अशा दिवाणी दाव्यांत ज्या इंग्लिश कायद्याचा आधार घेतात, त्यात मोकळा फिरणारा रानटी प्राणी कुणाचाच नसतो. तो ताब्यात घेतला, की जबाबदारी सुरू. शहरी कबुतरं मधेच कुठेतरी येतात: माणसानं पाळलेल्या पारव्यांचे वंशज, पण आता मोकाट. दाणे टाकल्यानं ती काकूंच्या ताब्यात येत नाहीत. काकू त्यांना अडवू शकत नाहीत, विकूही शकत नाहीत.

पण कायद्याला दुसरं दार आहे, उपद्रवाचं, म्हणजे न्यूसन्सचं. तिथे 'प्राणी कुणाचा' हे विचारत नाहीत. 'हा त्रास शेजाऱ्याच्या घरापर्यंत कुणाच्या कृतीमुळे पोचला' हे विचारतात. यावर इंग्लंडमधले दोन जुने खटले मला फार आवडले. दोन्ही फेझंट या शिकारीच्या पक्ष्यांचे. १८८५च्या 'फॅरर विरुद्ध नेल्सन'मध्ये शिकारीचा हक्क असलेल्या माणसानं जमिनीवर प्रमाणाबाहेर फेझंट आणून सोडले, त्यांनी शेतकऱ्याचं पीक खाल्लं. तो जबाबदार ठरला. १९४९च्या 'सेलिग्मन विरुद्ध डॉकर'मध्येही फेझंटनी पीकच खाल्लं, पण तिथे हवामान चांगलं म्हणून ते आपोआप वाढले होते. जमीनमालक सुटला. पक्षी तेच, नुकसान तेच. फरक एवढाच, की गर्दी माणसानं जमवली होती की निसर्गानं.

म्हणजे वाद येऊन थांबतो तो आम्हा विज्ञानवाल्यांच्या अंगणात: कबुतरं काकूंच्या ज्वारीमुळे वाढली का?

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात वर्षानुवर्षं कबुतरं मारूनही संख्या हटत नव्हती. १९८८ पासून तिथे लोकांना दाणे टाकू नका म्हणून समजावायला सुरुवात झाली आणि चारेक वर्षांत कबुतरं जवळपास निम्म्यावर आली. अन्न हीच खरी मर्यादा. पण हा निष्कर्ष शहराचा आहे, एका गॅलरीचा नाही. समोरच्या इमारतीतले आजोबाही बाजरी टाकतात. काकांच्या युनिटवर घाण करणारं कबूतर ज्वारीवालं की बाजरीवालं, हे कोण सांगणार?

मला वाटतं, म्हणूनच अशा भांडणात पैशांपेक्षा मनाई हुकूम मिळणं सोपं जातं. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या शहर दिवाणी न्यायालयानं वरळीतल्या एका घराला गॅलरीतून पक्ष्यांना दाणे घालायला कायमची मनाई केली. खालच्या मजल्यावर दाणे आणि विष्ठा पडतात, एवढा त्रास दाखवणं पुरलं. भरपाईसाठी मात्र नुकसान किती, ते याच कारणानं झालं का आणि त्यातला वाटा कुणाचा, हे सगळं सिद्ध करावं लागतं. एक कबूतर वर्षाला १०-१२ किलो विष्ठा टाकतं असा अंदाज दिला जातो. तिच्यातलं पांढरं असतं ते युरिक अ‍ॅसिड. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, पण त्या थरावर बुरशी वाढते आणि तिची आम्लं चुनखडीसारखा दगड खातात. पत्र्यावर ओल आणि क्षार धरून राहतात. पण पत्रा पावसानंही गंजतोच की! काकांचं युनिट नऊ वर्षांचं आहे.

जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी मोडून कबुतरांना खाऊ घालणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला सांगितलं, ते तुम्ही वाचलं असेल. तिथे कारण सार्वजनिक आरोग्याचं होतं, कुणाच्या एसीचं नव्हे. आणि 'खाऊ घालता म्हणजे प्राणी तुमचाच' या वाटेनं जाणं किती अवघड, हे कुत्र्यांच्या बाबतीत दिसलंय. ज्यांना भटक्या कुत्र्यांना खायला घालायचंय त्यांनी ती दत्तक घ्यावीत, असं नागपूर खंडपीठानं ऑक्टोबर २०२२ मध्ये म्हटलं, आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली.

तुमच्याकडे असं काही चालू असेल तर दुरुस्तीच्या आधी तारखेसह फोटो काढा. दाणे कधी पडतात, थवा कधी येतो हे आठवडाभर लिहून ठेवा. मेकॅनिककडून बिगाऱ्यासारखं एकरकमी बिल घेऊ नका. सफाईचे पैसे वेगळे आणि गंजाचे वेगळे लिहून घ्या. आणि आधी सोसायटीत लेखी तक्रार द्या, कारण इतर सभासदांना उपद्रव होईल असं काही करू नये हे उपविधींमध्येच असतं.

आमच्याकडे काकूंनी सफाईचे पैसे दिले, पत्र्याचे नाही. ज्वारीचा डबा सध्या गच्चीवर गेलाय. गच्चीवर सोसायटीचे सोलर पॅनल आहेत.