उभा की आडवा? : व्हॅक्यूम क्लीनरची निवड आणि दम्याचा रुग्ण

छातीच्या विकारांच्या चिकित्सकाला औषधांइतकेच घरगुती वस्तूंविषयीही विचारले जाते. उशी कापसाची असावी की फोमची, कूलर चालेल की नाही, देवघरात उदबत्ती लावावी की नको, असे हे प्रश्न असतात. अलीकडच्या वर्षांत त्यांत आणखी एकाची भर पडली आहे. "डॉक्टरसाहेब, व्हॅक्यूम क्लीनर घेतला तर मुलाचा दमा थांबेल का? आणि घ्यायचाच तर उभा घ्यावा की नळीवाला?" इंदुरात व्यवसाय करताना हा जोडप्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे सविस्तर उत्तर लिहून ठेवणे मला उपयुक्त वाटते. त्यातील दुसरा भाग सोपा आहे. पहिला मात्र तसा नाही.

या यंत्राचे आणि दम्याचे नाते जुने आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. अमेरिकेतील ओहायो राज्यातील कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचे गृहस्थ एका दुकानात सफाईचे काम करीत. त्यांना दमा होता आणि गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने त्यांचा त्रास वाढे. त्यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांची जुळणी करून एक उभे यंत्र तयार केले. 1908 साली त्याचे पेटंट मिळाले आणि चामड्याच्या वस्तूंचे व्यापारी विल्यम हूवर यांनी ते हक्क विकत घेतले. आडव्या, म्हणजे नळकांड्यासारख्या यंत्राला लोकप्रियता मिळाली ती स्वीडनमधील इलेक्ट्रोलक्सच्या 1921 सालच्या नमुन्यामुळे. त्या यंत्राला खाली घसरपट्ट्या होत्या, त्यामुळे ते गाडीसारखे मागे ओढता येई. भारतातील मध्यमवर्गीय घरांत हे यंत्र पोहोचले ते प्रामुख्याने 1982 साली स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांमुळे. दारोदार जाऊन, आपल्याच गादीतून काढलेली धूळ आपल्यालाच दाखवणारे ते टायधारी तरुण अनेकांना आठवत असतील.

आता दोहोंतील भेद पाहू. उभ्या यंत्रात मोटर, पिशवी आणि तोंड एकाच दांड्यावर असते. तोंडाशी फिरणारा ब्रश असतो. तो गालिच्याच्या तंतूंना झोडपून खोल गेलेली धूळ वर आणतो आणि मग ती ओढली जाते. आडव्या यंत्रात मोटर व पिशवी चाकांच्या डब्यात असते. हातात फक्त लवचीक नळी आणि पुढची दांडी राहते. त्याची भिस्त मुख्यतः हवेच्या ओढीवर असते, तर उभ्याची ओढ आणि झोडपणे या दोहोंवर.

म्हणूनच निवडीचा पहिला निकष म्हणजे घरातील जमीन. इंग्लंड-अमेरिकेत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरलेली घरे पुष्कळ. तिथे उभे यंत्र शोभते. आपली मुले-मुली तिकडे स्थायिक आहेत. त्यांच्या घरी ते सफाईदारपणे चालताना पाहून तसेच आपल्याकडे असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्याकडे कोटा फरशी, संगमरवर किंवा टाइल्स. अशा गुळगुळीत जमिनीवर फिरता ब्रश बंद करता येत नसेल, तर तो बारीक कचरा उचलण्याऐवजी दूर उडवतो. शिवाय आपली धूळ केवळ जमिनीवर नसते. ती पंख्याच्या पात्यांवर, ग्रंथांच्या कपाटावर, खिडकीच्या जाळीत, दिवाणाखाली आणि गाद्यांच्या शिवणीत असते. तिथे नळीच पोहोचते. तेव्हा आपल्या बहुतेक घरांसाठी माझे उत्तर आडवे यंत्र हेच आहे. अमेरिकेहून यंत्र आणण्याचा मोह असेल, तर तेथील वीज 120 व्होल्टची आणि आपली 230 व्होल्टची, एवढे लक्षात असू द्यावे.

दुसरा निकष वापरणाऱ्याच्या शरीराचा. उभे यंत्र ताठ उभे राहून ढकलता येते, त्यामुळे कंबर कमी वाकते. पण जिन्यावर त्याचा सगळा भार उचलावा लागतो. आडव्याची दांडी हलकी असते, मात्र डबा मागे ओढताना आणि वाकून नळी फिरवताना पाठीला ताण पडतो. दांडीची लांबी कमी-जास्त करता येणारे यंत्र घ्यावे आणि खरेदीपूर्वी ते घरात ज्याच्या हाती राहणार त्याच्याच हाती देऊन पाहावे. हल्ली बॅटरीवर चालणारी, दांडीसारखी हलकी यंत्रे मिळतात. रोजच्या वरवरच्या सफाईला ती सोयीची आहेत.

तिसरा निकष आम्हा डॉक्टरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. विक्रेता मात्र तो क्वचितच सांगतो. तो वॅटचा आकडा सांगतो. वॅट म्हणजे यंत्र खात असलेली वीज. ओढण्याची शक्ती त्यावरून कळत नाही. युरोपीय संघाने 2017 पासून घरगुती यंत्रांना 900 वॅटची मर्यादा घातली, तरी तेथील घरे काही अस्वच्छ झाली नाहीत. आपण विचारावे ते हे, की आत गेलेली हवा बाहेर कशी पडते? साध्या गाळणीतून सूक्ष्म कण परत खोलीत येतात. हेपा गाळणी 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के अडवते; मात्र यंत्राचे सांधे हवाबंद नसतील तर हवा गाळणीला वळसा घालून निसटते. दुसरे असे, की बिनपिशवीच्या यंत्रातील डबा रिकामा करताना धुळीचा लोट उठतो. बंद होणारी कागदी वा कापडी पिशवी काढून तशीच टाकता येते. हा डबा बहुतेक घरांत कामाला येणाऱ्या बाई रिकामा करतात. आपल्या मुलाला वाचवलेली धूळ त्यांच्या छातीत जाऊ नये, हेही निवडीतच धरले पाहिजे.

आता तो कठीण पहिला प्रश्न. धुळीतील प्रमुख अपराधी म्हणजे डर्मॅटोफॅगॉइडिस जातीचा अतिसूक्ष्म कीटक. तो पाणी पीत नाही. हवेतील ओलावा शोषून जगतो. माळव्याच्या पावसाळ्यात तो गादी-रजईत वाढतो आणि त्याच्या विष्ठेचे कण मागे राहतात. पावसाळा संपताच दिवाळीची झाडझूड सुरू होते आणि आमच्या दवाखान्यांत गर्दी होते, त्यात नवल नाही. व्हॅक्यूम क्लीनर पृष्ठभागावरील धूळ कमी करतो. परंतु जिवंत कीटक तंतूंना घट्ट धरून राहतात. 2008 साली कॉक्रेन समीक्षेने 54 चाचण्या तपासल्या, तेव्हा कीटक-नियंत्रणाच्या उपायांनी दमा लक्षणीय सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही.

याचा अर्थ सफाई सोडावी असा नाही. चादरी व अभ्रे दर आठवड्यास 60 अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवावेत, गाद्यांना कडक ऊन दाखवावे, फरशीवर ओला पोछा फिरवावा आणि यंत्र चालत असताना व नंतर अर्धा तास रुग्णाने त्या खोलीत थांबू नये. यंत्र हे या सर्वांना पूरक आहे, इतकेच.

हे आवर्जून लिहिण्याचे कारण असे. महागडे यंत्र घरी आले, की काही पालक "आता घर स्वच्छ आहे" या समाधानात मुलाचा इनहेलर परस्पर बंद करतात. पुढचा झटका मग मध्यरात्री येतो आणि मूल निळे पडलेल्या ओठांनी तातडीच्या विभागात पोहोचते. श्वासनलिकांची आतली सूज कोणत्याही नळीने ओढून काढता येत नाही. ती नियमित औषधानेच आटोक्यात राहते.

तेव्हा यंत्र अवश्य घ्यावे. जमीन पाहून आडवे, गाळणी पाहून हेपाचे आणि हात पाहून हलके निवडावे. त्याची पावती खुशाल कपाटात ठेवावी. मुलाचा इनहेलर मात्र हाताशीच असावा, आणि तो केव्हा कमी करायचा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. माझ्या सहव्यवसायी मित्रांनाही विनंती, की रुग्णाने यंत्राविषयी विचारले असता क्षणभर हसून विषय टाळू नये; त्याच संधीस इनहेलरची चौकशी करावी.