भौतिकशास्त्रातील उदाहरणांचे अंशतः गुणदान : एक विवेचन

प्रस्तावना :
भौतिकशास्त्राच्या लेखी परीक्षेत अंतिम उत्तर चुकले म्हणून संपूर्ण उदाहरणास शून्य गुण देण्याची प्रथा नाही. सूत्र, त्यात किमती घालणे, आकडेमोड आणि एकक अशा टप्प्यांवर गुण विभागले जातात. नमुना उत्तरपत्रिकेत ही विभागणी दिलेली असते. परंतु ती बरोबर उत्तराची विभागणी होय. चुकलेल्या उत्तराविषयी ती बहुधा मौन पाळते आणि दोन परीक्षकांच्या गुणांतील तफावतीचा उगम तेथेच आहे. उत्तीर्ण-अनुत्तीर्णतेचा प्रश्न कित्येकदा दोनच गुणांचा असतो, हे लक्षात घेता ही तफावत किरकोळ म्हणता येत नाही.

पुढे जाणारी चूक :
प्रकाशविद्युत परिणामावरील पाच गुणांचे उदाहरण घेऊ. ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश एका धातूवर पडतो. धातूचे कार्यफलन, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास लागणारी किमान ऊर्जा, २.० इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. इलेक्ट्रॉनांची कमाल गतिज ऊर्जा व त्यांना थोपविणारे विभव काढावयाचे आहे. फोटॉनची ऊर्जा ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते (२ गुण). तीतून कार्यफलन वजा जाता १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट (२ गुण). म्हणून विभव १.१ व्होल्ट (१ गुण).

एका विद्यार्थ्याने नॅनोमीटरचे मीटर करताना दशांशचिन्ह चुकविले व ऊर्जा ३१ इलेक्ट्रॉन व्होल्ट काढली. त्याची पुढील उत्तरे २९ इलेक्ट्रॉन व्होल्ट व २९ व्होल्ट अशी येतात. तिन्ही आकडे चुकीचे, परंतु चूक एकच. आइन्स्टाइनचे समीकरण त्याने यथायोग्य वापरले आहे. त्यास पाचपैकी चार गुण देणे न्याय्य ठरते. केंब्रिजच्या शालेय परीक्षांच्या गुणदान-सूचनांत अशा पुढे नेलेल्या चुकीची तरतूद असते. याउलट ज्याने कार्यफलन वजा करण्याऐवजी मिळविले, त्याचे ५.१ हे उत्तर आकडेमोडीची चूक नव्हे. तेथे ऊर्जेच्या अक्षय्यतेचाच विसर पडलेला आहे. त्या टप्प्याचे गुण कापणे क्रमप्राप्त आहे.

खरी अडचण तिसऱ्या प्रकारात येते. दशांशाची चूक उलट दिशेने झाली तर ऊर्जा ०.३१ येते व गतिज ऊर्जा उणे १.६९. हे ऋण उत्तर चौकटीत लिहून मोकळा होणारा विद्यार्थी आणि 'ऊर्जा कार्यफलनापेक्षा कमी असल्याने इलेक्ट्रॉन बाहेर पडणार नाहीत' असे लिहून थांबणारा विद्यार्थी, यांना यांत्रिकपणे गुण दिल्यास पहिल्यालाच अधिक मिळतात. त्याने सर्व पायऱ्या 'पूर्ण' केल्या! वास्तविक भौतिकशास्त्र दुसऱ्याला समजले आहे. गतिज ऊर्जा ऋण असू शकत नाही, एवढे पहिल्याने पाहिले नाही.

वस्तुनिष्ठ परीक्षेत हा भेद टिपताच येत नाही. जेईई ॲडव्हान्स्डच्या २०१८ च्या परीक्षेत अनेक पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना अंशतः गुण होते. परंतु ते निवडलेल्या पर्यायांना, विचारमार्गाला नव्हेत.

परीक्षकाचे उत्तरदायित्व :
माहितीच्या अधिकाराखाली परीक्षार्थीस स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी दिला. तेव्हापासून प्रत्येक कापलेल्या गुणाचे कारण सांगता येणे आवश्यक झाले आहे. त्यासाठी तपासणीच्या आरंभी काही उत्तरपत्रिका एकत्र वाचून, आढळलेल्या चुकीच्या वाटा व त्यांचे गुण नमुना उत्तरपत्रिकेतच नोंदविणे हा व्यवहार्य उपाय आहे. हे काम पहिल्या गठ्ठ्यापूर्वी व्हावे. निम्मे गठ्ठे तपासून झाल्यावर नियम बदलला तर आधीचे गठ्ठे पुन्हा उघडावे लागतात.