हॅलोवीनची काळी बिस्किटे आणि जैन स्वयंपाकघर

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन साजरा होतो. एकोणिसाव्या शतकात आयरिश स्थलांतरितांबरोबर तेथे रुजलेल्या या सणात मुले भुताखेतांचे वेष घेऊन दारोदार खाऊ मागतात. घरोघरी मेजवान्या होतात आणि त्यांत काळीकुट्ट, भीतिदायक बिस्किटे मांडली जातात. तेथे स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांपुढे अशा वेळी पेच उभा राहतो. अशा बिस्किटांत बहुधा अंडे असते, मार्शमॅलोत प्राणिजन्य जिलेटिन असते, तर लाल रंगात कधी कधी कीटकांपासून काढलेले कार्माइन. मुलाला केवळ ‘खाऊ नकोस’ असे बजावण्यापेक्षा सर्वांना पुरेल असा डबा घरूनच देणे अधिक श्रेयस्कर.

बिस्किटांचा काळा रंग येतो तो ‘ब्लॅक कोको’मुळे. कोकोवर क्षाराची प्रक्रिया करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात हॉलंडच्या व्हॅन हाउटेन यांच्या नावे रूढ झाली. ही प्रक्रिया अधिक तीव्र केली की भुकटी जवळजवळ काळी होते. रंगासाठी कोळशाची पूड मात्र वापरू नये. ती पोटातील औषधे शोषून घेते.

कृती नानकटाईसारखीच आहे. १०० ग्रॅम थिजलेले तूप व ८० ग्रॅम पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेसावी. त्यात १५० ग्रॅम मैदा, २० ग्रॅम ब्लॅक कोको, २० ग्रॅम साधा कोको व चिमूटभर मीठ चाळून घालावे. दोन-तीन चमचे दुधात गोळा मळून अर्धा तास थंड ठेवावा. मग लाटून, आकार कापून १७५ अंश सेल्सिअसवर दहा-बारा मिनिटे भाजावे. काळ्या रंगामुळे बिस्किटे करपलेली कळत नाहीत. म्हणून घड्याळावर लक्ष ठेवावे आणि कडा घट्ट होताच ताट बाहेर काढावे.

आकार निवडतानाही विवेक हवा. पिठाच्या कोंबड्याचा बळी दिल्यामुळे यशोधर राजा व त्याची माता यांना अनेक जन्म तिर्यंचगतीत भोगावे लागले, ही कथा जैन घरांत परिचित आहे. तेव्हा वटवाघूळ, मांजर, कोळी यांचे साचे बाजूला ठेवून भोपळा, चंद्रकोर, तारा व जुना वाडा निवडावा. मुलांची मौज त्याने उणावत नाही.

राहिला प्रश्न वेळेचा. न्यूयॉर्क परिसरात त्या दिवशी सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास होतो. मेजवानी चार वाजता ठेवली, तर रात्रिभोजनाचा त्यागही सहज पाळला जातो आणि मुलेही मित्रमंडळींपासून दुरावत नाहीत.