अमोनियम नायट्रेट: भीती नको, शिस्त हवी

अमोनियम नायट्रेट स्वतः पेटत नाही, मग एवढी काळजी कशाला, असं विचारलं जातं. पण हा क्षार ऑक्सिजन पुरवतो. त्यात तेल, कागद, भुसा असं काही मिसळून पेटलं की आग भडकते, आणि बंदिस्त जागेत तापला तर स्फोट होऊ शकतो. 4 ऑगस्ट 2020 रोजी बैरूतमध्ये सुमारे 2750 टन साठ्याच्या स्फोटाने हेच दाखवलं.

‘आमच्याकडे तर बाटलीभरच आहे’ हा शाळेच्या प्रयोगशाळेतला युक्तिवादही टिकत नाही. प्रमाण घटलं तरी गुणधर्म तेच राहतात. म्हणून प्रतापगडच्या परिसरातली शाळा असो वा स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय असलेल्या नागपुरातली, नियम तेच: कोरडी, थंड, वेगळी जागा, स्वच्छ चमचा, डोळ्यांवर चष्मा, आणि उरलेला क्षार परत बाटलीत टाकायचा नाही.