जुन्या मोटारीतील हटवादी नट

कोल्हापुराहून रत्नागिरीस जाणाऱ्या रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडे, मलकापूर हे गाव आहे. मृगाचा पाऊस सुरू झाला की येथील हवेतील ओल महिनोन्‌महिने हटत नाही. दाराच्या बिजागरीपासून शेतातल्या औताच्या फाळापर्यंत प्रत्येक लोखंडी वस्तूवर गंज चढू लागतो. मोटारगाडीस यातून सूट मिळण्याचे काही कारण नाही. उलट, घाट चढून तापलेले इंजिन पावसात निवते, पुन्हा तापते, पुन्हा निवते, आणि या फेऱ्यांत त्याचे काही भाग असे घट्ट धरतात की ते सोडविणे हे कसलेल्या मिस्त्रीच्याही संयमाची परीक्षा पाहते. त्यांतला सर्वांत हटवादी म्हणजे धुराच्या मॅनिफोल्डचा नट. रंगभूमीवरचे नट रुसल्याच्या कथा कोल्हापूरकरांस नव्या नाहीत. पण त्यांची समजूत काढणे यापेक्षा सोपे असावे.

उदाहरणादाखल जुनी अँबॅसिडर घ्यावी. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्लिश गाडीच्या धर्तीवर ती बंगालमधील उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात १९५७ च्या सुमारास तयार होऊ लागली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तरीही काही घरांत ती आजही जपलेली आढळते. तिच्या १४८९ घन सेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनात चार सिलिंडरांतला जळका वायू एका बिडाच्या नळात गोळा होतो व तेथून गाडीखालच्या सायलेन्सरकडे जातो. हा नळ म्हणजेच मॅनिफोल्ड. तो इंजिनाच्या डोक्यास, म्हणजे हेडास, स्टडांनी जखडलेला असतो. ज्यास माथा नाही आणि ज्याच्या दोन्ही टोकांस आटे आहेत अशा सळईस स्टड म्हणतात. एक टोक हेडात, दुसऱ्यावर नट. हेड व मॅनिफोल्ड यांच्यामध्ये उष्णता सोसणारे पातळ गॅस्केट असते. ते कोठे जळाले की थंड इंजिन सुरू करताना टिक्‌-टिक्‌ असा आवाज येऊ लागतो आणि सांध्यापाशी काजळी दिसते.

बहुतेक मालक या आवाजाकडे दुर्लक्ष करतात, आणि तेथेच खरा धोका आहे. गळणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो, आणि मग शरीरास प्राणवायू पोचेनासा होतो. उन्हाळ्यात काचा उघड्या असतात म्हणून निभावते. पण आंबा घाटात धो धो पाऊस पडत असता सर्व काचा मिटलेल्या असतात आणि मागच्या आसनावर मुले झोपलेली असतात. इंजिन व बैठक यांमधल्या पत्र्यास जुनेपणाने पडलेल्या फटींतून तो वायू आत शिरतो. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही लक्षणे घाटातल्या वळणांवर ढकलली जातात. यास्तव गॅस्केट बदलणे ही चैन नव्हे, आणि ते बदलावयाचे तर प्रत्येक नट निघालाच पाहिजे.

मग तो निघत का नाही? लोखंडाचा गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांच्या फटीत त्यास पसरावयास जागा नसते. तो पाचर मारल्याप्रमाणे नटास स्टडावर आवळतो. शिवाय वर्षानुवर्षे तापून निवून स्टडाचे पोलाद अंगी कमकुवत झालेले असते. म्हणजे पकड वाढलेली व स्टडाचे बळ घटलेले, असा हा दुहेरी पेच आहे. लांब पान्यावर लोखंडी नळी चढवून जोर लावला तर नट फिरतो खरा, पण बरोबर स्टडही पिळवटून तुटतो. आणि पाच रुपयांच्या कामाचे पाच हजार होतात.

जागेची अडचण निराळीच. चालकाच्या बाजूने पाहता हा मॅनिफोल्ड इंजिनाच्या डाव्या अंगास असून कार्बुरेटरही त्याच अंगास आहे. म्हणून आधी बॅटरीची तार सोडावी, एअर क्लीनर व कार्बुरेटर उतरवावेत, पेट्रोलच्या नळीचे तोंड बंद करावे. एवढे करूनही खालच्या अंगाचे नट डोळ्यांस दिसत नाहीत. दाढीचा लहान आरसा व विजेरी यांचा येथे उपयोग होतो. हात पोचत नसेल तर लांब दांडीस युनिव्हर्सल जॉइंट व गोटी लावावी लागते. गोटी सहा कोनांचीच हवी. बारा कोनांची गोटी नटाच्या कडा झिजविते. येथे एक फसवी गोष्ट आहे. अँबॅसिडरचे इंजिन इंग्लिश घराण्याचे, म्हणून त्याची मापे इंचांत. पाच-षोडशांश इंची स्टडावरील नटास अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा पाना लागतो. आजच्या संचातला १३ मिलिमीटरचा पाना त्यावर बसतो, आणि बसतो म्हणूनच तो घातक होय. तीन दशांश मिलिमीटरची ढिलाई हटवादी नटाचे कोन गोल करावयास पुरेशी आहे.

खरे काम आदल्या दिवशी सुरू होते. इंजिन थंड असताना तारेच्या ब्रशाने स्टडाची उघडी टोके घासून काढावीत आणि गंज सोडविणारे पातळ तेल तेथे थेंब थेंब सोडावे. दिव्याची वात जसे तेल ओढून घेते तसेच आटेही ते ओढतात. मात्र यास वेळ लागतो. संध्याकाळी एकदा, रात्री एकदा, पहाटे एकदा असे तेल द्यावे, व मधूनमधून स्टडाच्या टोकावर हातोडीने हलक्या टिचक्या माराव्यात. त्या धक्क्यांनी गंजास तडे जातात व तेलास वाट मिळते. दुसऱ्या दिवशी नट प्रथम सोडण्याऐवजी किंचित आवळावा. हे विपरीत वाटेल, पण गंजाची पकड कोणत्याही दिशेने मोडली तरी चालते. तो जरा हलला की पाव फेरा सोडावा, त्याच्या निम्मा परत आवळावा, पुन्हा तेल द्यावे. एकदम सोडत गेल्यास सुटलेला गंज पुढच्या आट्यांत दाटून नट मधेच अडकतो.

एवढ्यानेही न ऐकल्यास अग्नीचा आश्रय घ्यावा लागतो. तत्पूर्वी तेल पुसून काढून पेट्रोलचा मागमूस तेथून दूर करणे अत्यावश्यक आहे. ज्योत नटावर धरावी, स्टडावर नव्हे. आठ मिलिमीटर भोकाचा पोलादी नट तीनशे अंशांनी अधिक तापला तर भोक मिलिमीटरच्या जेमतेम तीन शतांशांनी मोठे होते. पण गंजाचा थर फोडण्यास तेवढे पुरते. त्याच वेळी आट्यांस मेणबत्ती टेकविल्यास वितळलेले मेण आत खेचले जाते, ही कारखान्यांतली जुनी युक्ती आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याच्या फियाटवर मात्र ज्योत जपून वापरावी. तिचे हेड अॅल्युमिनियमचे आहे, आणि ही धातू लाल न होताच सुमारे ६६० अंशांवर वितळते. डोळ्यांस आगाऊ सूचना मिळत नाही.

कोन गोल झालेल्या नटाचा मोह सोडून तो छिन्नीने उभा चिरावा. नट स्वस्त, स्टड महाग. स्टडच तुटला आणि थोडा बाहेर राहिला, तर त्यावर नवा नट वेल्डिंगने जोडतात; त्या उष्णतेनेच तो पुष्कळदा सुटतो. हेडाच्या बरोबरीने तुटल्यास नेमका मध्य साधून भोक पाडणे आले. त्या भोकात कडक पोलादाचा उलट्या आट्यांचा काढणारा स्क्रू घालून जोर करणे हे बहुधा अविचाराचे. तो आत मोडला तर साध्या ड्रिलने त्यास भोक पडत नाही. अशा वेळी हेड उतरवून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात यंत्रावर काम करणाऱ्या कारागिराकडे नेणे हाच शहाणपणा.

सर्व नट निघाल्यावर मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पोलादी पट्टी ठेवून तो वाकला आहे काय हे पाहावे. वाकलेल्या नळावर नवे गॅस्केटही वर्षभर टिकत नाही. नवे स्टड बसविताना आट्यांस तांब्याच्या भुकटीचे ग्रीस लावावे व नट पितळेचे घ्यावेत. पितळ पोलादाशी गंजाने जखडत नाही, म्हणून पुढच्या खेपेस हे सारे करावे लागणार नाही. आवळताना मधल्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जावे. पहिल्या फेरफटक्यानंतर इंजिन पुरते निवू द्यावे आणि सारे नट पुन्हा एकवार, हलक्या हाताने, तपासून घ्यावेत.